झावळ्यांतून दिसलेली कोजागिरी

आमच्या पवनीत कोजागिरी म्हणजे गच्चीवर पेटलेली चूल, पातेल्यात आटणारं दूध आणि वैनगंगेवरून येणारा गार वारा. एक कोजागिरी मात्र मला मुंबईत भेटली. भायखळ्याच्या बाजूला एका सिनेगॉगच्या अंगणात, झावळ्यांच्या मांडवाखाली. मित्राच्या आईने, काकूंनी, निरोप धाडला होता, "आज संध्याकाळी आमचा सुक्कोथचा सण लागतो. जेवायलाच ये." फाटकावर ओळखपत्र दाखवलं, डोक्यावर टोपी घातली आणि आत पाऊल टाकतो तोच कानावर आलं, "अगं, पानं किती मांडायची ते मोजलंस का?"

मराठी! अगदी घरातली, अलिबागकडची. हे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये मांडवीत उभारलं. ही सगळी माहिती मला होती. पण माहिती असणं वेगळं आणि त्या मांडवात बसणं वेगळं.

मांडवाला 'सुक्का' म्हणतात. छत जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वनस्पतीचंच हवं. वर दुसरं छप्पर नको, झाडाची सावलीही नको. दिवसा आत उन्हापेक्षा सावली जास्त पडावी, पण रात्री फटींतून तारे दिसतील इतकं ते विरळ असावं. मुंबईत त्यासाठी नारळाच्या झावळ्या. त्यांना केळी आणि सीताफळं टांगलेली. सात दिवस जेवण इथे. मी काकूंना म्हटलं, "आमच्याकडे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर राखणीला अशीच खोपडी घालतात." त्या लगेच म्हणाल्या, "अरे, हीसुद्धा शेतातलीच. पीक घरात यायच्या दिवसांतला सण आहे हा." आणि इजिप्तमधून सुटका झाल्यावर त्यांचे पूर्वज चाळीस वर्षं वाळवंटात अशाच खोपट्यांत राहिले, त्याचीही ही आठवण.

मग त्यांनी एक पिवळं फळ माझ्या हातात दिलं. लिंबाहून मोठं, साल जाड आणि खडबडीत, नखाने नुसतं स्पर्शलं तरी बोटांना वास राहील असं. त्यांच्या भाषेत एत्रोग, आपल्या भाषेत महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. खजुराचं न उमललेलं पान, मेंदीसारख्या एका सुगंधी झुडपाच्या डहाळ्या, वाळुंजाच्या डहाळ्या आणि हे फळ, अशी चौघांची जुडी हातात धरून या सणात प्रार्थना करतात. महाळुंगाचं मूळ घर हिमालयाच्या पायथ्याच्या बाजूचं. तिथून ते इराणमार्गे पश्चिमेला गेलं. जेरुसलेमजवळच्या एका इराणी अमदानीतल्या बागेच्या जुन्या गिलाव्यात त्याचे परागकण सापडले आहेत. आपल्याकडून गेलेलं फळ तिथे देवापुढे उभं राहिलं आणि ज्यू माणसांबरोबर पुन्हा आपल्याच किनाऱ्यावर आलं.

काळ्या मनुका भिजवून, कुस्करून काढलेल्या सरबताचा प्याला हातोहात फिरला. त्याच वेळी मी वर पाहिलं. दोन झावळ्यांच्या मध्ये चंद्र होता, पूर्ण गोल. कोजागिरीचाच. हा योगायोग असेल का?

नाही, आणि खरं आश्चर्य इथेच आहे. सुक्कोथ येतो तिश्री महिन्याच्या पंधराव्या तिथीला. तिश्री म्हणजे पुष्कळ वर्षी आपला आश्विन. महिना अमावास्येला संपवायची रीत महाराष्ट्राची, तीच त्यांचीही. म्हणून तिथ्या एकमेकींवर जवळजवळ बरोब्बर बसतात. त्यांचं नवं वर्ष घटस्थापनेच्या आसपास. त्यांचा कडक उपासाचा योम किप्पूर दहाव्या तिथीला, म्हणजे आपल्या दसऱ्याला! २०२५ मध्ये हे दोन्ही दिवस २ ऑक्टोबरला आले. ६ ऑक्टोबरला इकडे कोजागिरी आणि सूर्य मावळल्यावर तिकडे सुक्कोथ.

चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत उरकतात, सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवस आधी. पिकांशी बांधलेले सण असे दरवर्षी अकरा दिवस मागे सरकले तर कापणीचा सण पेरणीत यायचा. उपाय दोघांनी एकच शोधला, अधिक महिना. चंद्राचे २३५ महिने म्हणजे जवळजवळ नेमकी १९ वर्षं. त्यात सात महिने जास्तीचे घालावे लागतात. आपण ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक धरतो, त्यामुळे तो वेगवेगळ्या महिन्यांत येतो. ते नेहमी अदार महिनाच दुप्पट करतात. म्हणून मधूनमधून ताटातूट होते. २०२३ मध्ये आपला श्रावण अधिक झाला आणि आपण महिनाभर मागे राहिलो. त्यांचा सुक्कोथ आपल्या भाद्रपद पौर्णिमेलाच लागून गेला. २०२४ च्या सुरुवातीला त्यांचे दोन अदार आले आणि त्या ऑक्टोबरात दोघं पुन्हा एका चंद्राखाली.

आमच्या पवनीतल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप निघाला. तिथले भिक्खू वर्षावास संपवायचे तोही आश्विन पौर्णिमेच्या सुमारास. लहानपणी ज्या टेकडीवर खेळलो तिथेही हीच पौर्णिमा मोजली जात होती, हे मला त्या मांडवात बसल्यावर सुचलं.

बेने इस्राएलांनी तर या तिथ्यांना आपल्या बोलीतली नावं दिली. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाच्या इतिहासात ती नोंदवून ठेवली. योम किप्पूर म्हणजे 'दारफळणीचा सण', दारं लावून उपास करण्याचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी दानधर्माचा 'शिळा सण'. पुरीम म्हणजे 'होळीचा सण', कारण तोही होळीच्याच पौर्णिमेच्या वेळी येतो. आणि याच तिश्री महिन्यात, नव्या धान्याची खीर करायचा 'खिरीचा सण'. पुढे हिब्रू नावं रूढ झाली, तरी मला ही जुनी नावं फार मोलाची वाटतात. बाहेरून आलेल्या माणसाला ही भूमी किती आपली झाली, ते 'शिळा सण' या दोन शब्दांत कळतं.

जेवणात मटण होतं आणि शेवटी गोड आलं ते नारळाच्या दुधातलं. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून कोकणातला नारळ त्यांच्या धर्माच्या किती उपयोगी पडला आहे!

२०२६ मध्ये आपला ज्येष्ठ अधिक, म्हणजे पुन्हा चुकामूक. २०२७ च्या ऑक्टोबरात मात्र गाठ पडते. काकूंना फोन करून सांगितलं, त्या वर्षी पवनीहून येतो आणि कोजागिरीचं दूध मी आटवतो.

"ये की," त्या म्हणाल्या, "फक्त नारळाचं आटव. त्या दिवशी मटण असणार."