शस्त्रक्रियेनंतर छातीत होणारा पू : समज आणि वस्तुस्थिती

श्रीक्षेत्र नृसिंहवाडीस दत्तपादुकांच्या सेवेसाठी राहणाऱ्या मंडळींत जुनाट दुखण्यांचे रोगी पुष्कळ असतात. आणि जवळच्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी स्थापलेले मिशन रुग्णालय व वानलेसवाडीचे क्षयरोग आरोग्यधाम यांमुळे छातीच्या विकारांवरील शस्त्रोपचार या मुलखाला अपरिचित नाहीत. तथापि फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीच्या पोकळीत होणाऱ्या पुवाविषयी ज्या समजुती सर्रास ऐकू येतात, त्यांतील काही रोग्याच्या जिवावर बेतणाऱ्या आहेत.

आंबट खाल्ल्याने पू होतो, ही त्यांतील सर्वांत रूढ. पू जंतूंमुळे होतो. आणि त्यावाटे प्रथिने सतत शरीराबाहेर जात असताना दही, ताक, डाळ बंद करणे म्हणजे क्षीण झालेल्या रोग्यास अधिकच क्षीण करणे होय.

छातीत पाणी दिसले की पू झालाच, असेही नव्हे. संपूर्ण फुफ्फुस काढल्यावर रिकामी जागा द्रवाने हळूहळू भरते, हे स्वाभाविकच आहे. उलट, क्ष-किरण चित्रात चढत गेलेली द्रवाची पातळी अकस्मात उतरली आणि खोकल्यावाटे पातळ, तांबूस द्रव पडू लागला, तर श्वासनलिकेचे शिवलेले टोक उसवल्याची दाट शंका घ्यावी. रुग्णालयात पोहोचेपर्यंत रोग्यास शस्त्रक्रिया झालेली बाजू खाली करून ठेवावे, म्हणजे तो द्रव निरोगी फुफ्फुसात उतरणार नाही. ताप नाही म्हणून निर्धास्त राहणेही चुकीचे, कारण कित्येकदा अरुची, ग्लानी आणि घटणारे वजन एवढीच लक्षणे असतात, व तीही काही महिन्यांनी उद्भवतात. खात्रीचे निदान सीटी स्कॅनने आणि सुईने काढलेल्या द्रवाच्या तपासणीने, त्यातील जंतू ओळखून, होते.

केवळ इंजेक्शनांनी पू जिरेल ही आशा तर बहुधा फोल ठरते. कोंडलेल्या पुवात औषध पुरेसे पोहोचत नाही, म्हणून नळी घालून त्याचा निचरा करावाच लागतो. तो कसा करावा, याचा धडा 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकन लष्कराच्या छावण्यांत, छातीत पू झालेल्या सैनिकांवरून मिळाला : छाती घाईने उघडल्यास हवा आत शिरून रोगी दगावतात, हे अमेरिकन शल्यविशारद एव्हर्ट्स ग्रॅहॅम ज्याचे सदस्य होते त्या आयोगाने दाखवून दिले व बंद निचऱ्याची पद्धत रूढ झाली. नळीची बाटली सदैव छातीच्या पातळीखाली ठेवावी, हा दंडक त्याच पद्धतीतला आहे.

पू झाला म्हणजे सारे संपले, हा समजही खरा नव्हे. याच ग्रॅहॅम यांनी 5 एप्रिल 1933 रोजी एका कर्करोग्याचे संपूर्ण डावे फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढले. त्या रोग्याच्या छातीत पुढे पू झाला, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि तरीही तो त्यानंतर सुमारे तीस वर्षे जगला.