दिलमूनची मुद्रा आणि सीफच्या पाट्या

बहारीनमधील सीफ ही वसाहत मुख्यत्वे समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर उभी असल्यामुळे तिला स्वतःचा असा भूतकाळ नाही. सीफ मॉल १९९७ सालचा आणि सिटी सेंटर २००८ सालचे, एवढीच काय ती येथील पुराणवास्तूंची वंशावळ. तथापि अक्षर आणि आकृती यांचा संसार कसा चालतो हे ज्याला पाहावयाचे आहे, त्याला येथील दुकानांच्या पाट्या पुरेसे खाद्य देतात. एका अंगाला उजवीकडून डावीकडे धावणारी अरबी, दुसऱ्या अंगाला डावीकडून उजवीकडे येणारे इंग्रजी, आणि दोहोंच्या मध्ये त्या पेढीचे बोधचिन्ह, अशी ही तिहेरी रचना असते. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात; अरबी अक्षरे बहुधा एकमेकांचा हात धरूनच चालतात; म्हणून रोमन नाममुद्रेची जाडी, तिचा कोन आणि तिची गोलाई अरबीत उतरविणे हे मोठ्या कसबाचे काम आहे. ते साधले नाही, म्हणजे अरबी नाव आपल्याच मुलखात पोटभाडेकरूसारखे दिसू लागते, आणि असे प्रसंग, माझ्या मते, थोडे नाहीत.

या झगमगाटाच्या पश्चिमेस, करबाबाद गावालगतच्या किनाऱ्यावर, कलअत अल-बहारीन हा किल्ला आहे. किल्ल्याखालचे टेकाड सुमारे इ.स.पू. २३०० पासून इसवी सनाच्या सोळाव्या शतकापर्यंतच्या वस्त्यांनी थर चढत चढत झालेले असून, १९५० च्या दशकात पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या डॅनिश पथकाने तेथे उत्खनन आरंभिले, तेव्हा मेसोपोटेमियाच्या लेखांतून नावाने परिचित असलेले दिलमून हे व्यापारी राज्य मातीतून वर आले. २००५ साली युनेस्कोने या स्थळास जागतिक वारशाचा दर्जा दिला व २००८ साली शेजारी संग्रहालय झाले. तेथील, आणि मनामाच्या राष्ट्रीय संग्रहालयातील, ज्या एका वस्तूसाठी हा लेखप्रपंच, ती आहे दिलमूनची मुद्रा.

मुद्रा हाताच्या अंगठ्याने झाकली जावी एवढी लहान, वाटोळी, संगजिऱ्याची. हा दगड मऊ, म्हणून कोरण्यास सुलभ. आणि कोरून भट्टीत भाजला की तो कठीण व पांढुरका होतो. पाठीवर घुमटासारखा उंचवटा, त्याला दोरा ओवण्यासाठी आरपार भोक, आणि त्या उंचवट्यावर तीन समांतर रेघा व बिंदूयुक्त चार वर्तुळे. ही पाठ इतकी ठरावीक असते, की तेवढ्यावरूनही वस्तू दिलमूनची हे जाणकार सांगतो. दर्शनी बाजूस मात्र कारागिराने पुरी मोकळीक घेतलेली आहे: हरिणे, वृषभ, खजुरीचे झाड, विंचू, नौका, आणि एकाच रांजणातून नळ्यांनी पेय पिणारी दोन माणसे. रांजणाच्या वा गाठोड्याच्या दोरीवर ओली माती थापायची आणि तिच्यावर मुद्रा उठवायची, की माल कोणाचा, याची ग्वाही झाली.

विशेष असा, की या परंपरेतील आरंभीच्या काही मुद्रांवर वृषभाच्या वर सिंधू लिपीची चिन्हे कोरलेली आहेत, आणि त्यांचा अनुक्रम सिंधूखोऱ्यातील नेहमीच्या अनुक्रमाहून पुष्कळदा निराळा असल्यामुळे, लिपी तिकडची पण भाषा दुसरीच, असे अभ्यासकांस वाटते. पुढे, इ.स.पू. २००० च्या सुमारास, मुद्रेला स्वतःचे रूप आले तेव्हा अक्षरे बहुतेक गळाली आणि चित्र तेवढे राहिले. याला अधोगती म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. दिलमूनच्या धक्क्यावर मेलुह्हाचा म्हणजे सिंधूखोऱ्याकडचा, मगनचा म्हणजे ओमानकडचा आणि मेसोपोटेमियातील ऊरचा व्यापारी एकत्र येई. त्या सर्वांस वाचता येईल अशी लिपी नव्हती, परंतु हरीण सर्वांस ओळखू येत होते. मेसोपोटेमियातील लार्साच्या गुंगुनुम राजाच्या दहाव्या वर्षाचा, म्हणजे सुमारे इ.स.पू. १९२३ चा, एक व्यापारी दस्तऐवज उपलब्ध आहे: मजकूर कीलाकार लिपीतला, ठसा आखाती मुद्रेचा. बोलण्याचे काम अक्षराने केले, हमीचे काम चित्राने. आणि त्या सालामुळेच या मुद्रांचा काळ ठरविता आला.

आपल्याकडील रिवाज याच्या उलट. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब, ही मराठी दप्तराची रीत. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा तर सर्वस्वी संस्कृत अक्षरांची, आकृतीला तेथे वाव नाही. दूरच्या काळात मात्र आपला प्रदेशही या व्यवहाराच्या कडेला होता: प्रवरेकाठच्या दायमाबादला सिंधू चिन्हांच्या मातीच्या मुद्रा सापडल्या आहेत, आणि गुजरातेत लोथल येथे तर खुद्द आखाती घडणीची मुद्राच मिळाली.

सीफचा आजचा व्यापारी प्रत्येक गोष्ट दोनदा लिहितो, आणि तरीही गिऱ्हाईक बोधचिन्हाकडे पाहूनच आत शिरते. तेव्हा दिलमूनच्या मुद्राकाराचा हिशेब चुकला होता असे म्हणवत नाही. नोकरीधंद्यानिमित्त बहारीनला राहणाऱ्या मराठी कुटुंबांची सुटीची संध्याकाळ बहुधा सीफच्या बाजारात जाते. त्यांनी एखाद्या वेळी तासभर आधी निघावे, मुलांना किल्ल्यापाशी न्यावे, आणि मुद्रेचे चित्र पाहून झाल्यावर तिची पाठही आवर्जून दाखवावी.