नारूचा माग

पुण्यातील वडीलधाऱ्या मंडळींना नारू हे रोगाचे नाव अजून ठाऊक असेल. पायऱ्यांच्या विहिरीत उतरलेल्या रोग्याच्या पायावरील फोड फुटे, त्यातून सुटलेल्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलजीवांच्या पोटात जात, आणि ते पाणी न गाळता प्यालेल्या माणसाच्या देहात वर्षभरात हातभर लांबीचा कृमी वाढे, जो काडीला गुंडाळून, तुटणार नाही अशा बेताने, रोज थोडाथोडा ओढून काढावा लागे. महाराष्ट्रातही या रोगाचा अंमल होता. १९९६ साली राजस्थानात अखेरचा रुग्ण आढळला व २००० साली भारत नारूमुक्त ठरला, ही मला असामान्य कामगिरी वाटते. परंतु आफ्रिकेतील चाड देशात २०१२ पासून हाच कृमी कुत्र्यांत सापडू लागल्याने तेथे रुग्णांबरोबर श्वानांचीही नोंद दफ्तरी होते, संशयित कुत्री बांधून ठेवतात, आणि कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरून टाकण्याची ताकीद गावोगावी दिली जाते.