फुकुशिमाच्या टाक्यांतील पाणी : शुद्धीकरण, विरलन आणि विसर्जन

अपघातग्रस्त अणुकेंद्र मोडीत काढावयाचे म्हणजे केवळ लोखंड कापणे आणि काँक्रीट फोडणे नव्हे. त्याआधी तेथील पाण्याचा निकाल लावावा लागतो. जपानमधील फुकुशिमा दाइइची केंद्रापुढे हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. त्याविषयी जे लिहिले जाते त्यात ट्रिटियमचे नाव नेहमी अग्रभागी असते. प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या प्रश्नाचा अधिक विचारार्ह भाग ट्रिटियमच्या पलीकडे आहे.

११ मार्च २०११ रोजीच्या भूकंपाने व त्सुनामीने केंद्रातील पहिल्या तीन अणुभट्ट्यांची शीतनव्यवस्था बंद पडली आणि त्यांतील इंधन वितळले. वितळून थिजलेल्या ह्या राशीतून अद्यापि उष्णता निघत असल्यामुळे तिच्यावर पाणी सोडीत राहावे लागते. त्यातच डोंगराकडून समुद्राकडे वाहणारे भूजल आणि पावसाचे पाणी इमारतींत शिरते व दूषित होते. २०१४ च्या सुमारास असे पाणी दररोज चारशे-पाचशे घनमीटर तयार होई. माती गोठवून उभारलेली सुमारे दीड किलोमीटर लांबीची भूमिगत हिमभिंत व इतर उपाय ह्यांमुळे हे प्रमाण पुढे शंभराच्या खाली आले. शून्यावर मात्र आले नाही. परिणामी एक हजाराहून अधिक टाक्यांत सुमारे १३ लाख घनमीटर पाणी साठले.

ह्या पाण्यातून प्रथम सीझियम व स्ट्रॉन्शियम ह्यांचा बराचसा अंश आणि नंतर क्षार काढून घेतात. त्यापुढील मुख्य संस्कार ‘आल्प्स’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या संयंत्रात होतो. तेथे लोह व कार्बोनेट ह्यांच्या साहाय्याने काही द्रव्ये अवक्षेपित केली जातात आणि उरलेले पाणी निरनिराळ्या अधिशोषकांनी भरलेल्या स्तंभांमधून जाते. ६२ किरणोत्सर्गी अणुप्रकार विहित मर्यादेखाली आणण्यासाठी हे संयंत्र योजलेले आहे. येथे किरणोत्सर्ग नष्ट होत नाही, तो केवळ स्थलांतर करतो, हे विसरता कामा नये. पाणी जितके स्वच्छ, तितका मागे राहणारा गाळ व वापरलेला अधिशोषक अधिक उग्र. आणि त्यांची दीर्घकाळ राखण करावी लागते.

ट्रिटियम ह्या जाळ्यात सापडत नाही, कारण ते पाण्यात विरघळलेले नसून पाण्याच्या रेणूचाच घटक झालेले असते. काही थोड्या रेणूंत हायड्रोजनच्या एका अणूची जागा ट्रिटियमने घेतलेली असते, आणि अशा रेणूचे रासायनिक वर्तन इतर पाण्यासारखेच असते. ट्रिटियम वेगळे करण्याच्या रीती आहेत. कॅनडातील डार्लिंग्टन येथे जड पाण्यातून ते काढले जाते. परंतु तेथील पाण्यात ट्रिटियमची संहती कितीतरी पटींनी अधिक असते. (तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसारख्या जड पाण्याच्या भट्ट्यांत ड्युटेरियम न्यूट्रॉन ग्रहण करून ट्रिटियम बनतो.) उलट फुकुशिमाच्या सर्व टाक्यांत मिळून विसर्जनापूर्वी ७०० ते ८०० टेराबेकेरेल ट्रिटियम होते, वजनाने पाहता ते जेमतेम दोन ग्रॅम भरते. तेरा लाख घनमीटर पाण्यातून दोन ग्रॅम वेचून काढणे म्हणजे काय, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता मर्यादांचा विचार करू. जपानी नियमांनुसार विसर्ज्य पाण्यात, दर लिटरमागे, ट्रिटियमची मर्यादा ६०,००० बेकेरेल, सीझियम-१३७ ची ९०, स्ट्रॉन्शियम-९० ची ३० आणि आयोडीन-१२९ ची ९ आहे. मर्यादांमधील ही तफावतच ह्या द्रव्यांच्या सापेक्ष घातकतेची निदर्शक होय. पण प्रत्येक द्रव्य स्वतःच्या मर्यादेत असणे पुरेसे नाही. समजा, एका नमुन्यात सीझियम ३०, स्ट्रॉन्शियम १२ आणि आयोडीन ३ बेकेरेल आढळले. तिन्ही आकडे निर्धोक वाटतात. परंतु त्यांची आपापल्या मर्यादेशी असलेली गुणोत्तरे अनुक्रमे एक-तृतीयांश, दोन-पंचमांश आणि एक-तृतीयांश. त्यांची बेरीज सुमारे १.०७ होते. बेरीज एकाच्या खाली असली पाहिजे असा नियम असल्यामुळे हा नमुना त्याज्य ठरतो.

ह्या बेरजेच्या कसोटीवर २०१८ साली टाक्यांतील बहुतांश पाणी उतरत नसल्याचे उघड झाले. अपघातानंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत पाण्याचा लोंढा आवरण्याच्या घाईत शुद्धीकरण अपुरे राहिले होते. तोपर्यंत केवळ ट्रिटियम उरले आहे असे लोकांना सांगितले जात असल्याने ह्या प्रकटीकरणाने विश्वासाला मोठा तडा गेला. असे पाणी पुन्हा संयंत्रातून फिरवावयाचे आणि ट्रिटियम वगळता इतरांची बेरीज विरलनापूर्वीच एकाच्या खाली आणावयाची, असे ठरले. हे ‘विरलनापूर्वीच’ पद फार महत्त्वाचे आहे. समुद्राचे पाणी घालून कोणतीही बेरीज कमी करून दाखविता येते.

अशा रीतीने तपासलेले पाणी शंभरपटीहून अधिक समुद्रजलात मिसळून ट्रिटियम दर लिटरला १,५०० बेकेरेलच्या खाली आणतात व सुमारे एक किलोमीटर लांबीच्या सागरतळाखालील बोगद्यातून सोडतात. वार्षिक मर्यादा २२ टेराबेकेरेलची आहे. १,५०० बेकेरेलचे असे पाणी कोणी वर्षभर रोज दोन लिटर प्यायले असे क्षणभर धरले, तरी शरीरात सुमारे ११ लाख बेकेरेल जातील आणि त्यांपासून होणारी मात्रा ०.०२ मिलिसिव्हर्ट भरेल. निसर्गतः माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळतच असते.

इतर मार्ग नव्हते असे नाही. थ्री माइल आयलंड येथील १९७९ च्या अपघातानंतर सुमारे ८,७०० घनमीटर पाणी १९९१ ते १९९३ ह्या काळात बाष्पीभवनाने हवेत सोडण्यात आले. फुकुशिमाचा साठा त्याच्या दीडशे पट. दुसरा मार्ग थांबण्याचा. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असल्याने साठ वर्षांत त्याचा शेकडा साडेतीन अंशच उरेल. हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु भूकंपप्रवण किनाऱ्यावर साठ वर्षे टाक्या सांभाळणे आणि इंधनाचे अवशेष ठेवण्यास लागणारी जागा त्यांनी अडवून ठेवणे, ही त्याची किंमत आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलै २०२३ मधील अहवालात ही योजना आंतरराष्ट्रीय सुरक्षामानकांशी सुसंगत ठरविली आणि २४ ऑगस्ट २०२३ रोजी विसर्जन सुरू झाले. त्याच दिवशी चीनने जपानी सागरी अन्नाची आयात थांबविली. संबंधितांच्या संमतीवाचून पाण्याची वासलात लावणार नाही, असे सरकारने व तोक्यो विद्युत कंपनीने फुकुशिमाच्या मच्छीमारांना २०१५ साली लेखी कळविले होते. मच्छीमार संघटनांचा विरोध मात्र विसर्जनाच्या वेळीही कायम होता. सिव्हर्टचे गणित त्यांना अमान्य होते असे नव्हे. बाजारात मासळीचा भाव त्या गणितावर ठरत नाही, एवढेच.

मार्च २०२५ पर्यंत अकरा खेपांत सुमारे ८६,००० घनमीटर पाणी सोडले गेले आणि रिकाम्या टाक्या मोडण्यास आरंभ झाला. वितळलेल्या इंधनाची अवशिष्ट राशी अंदाजे ८८० टन आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचा जो पहिला नमुना बाहेर आला तो एक ग्रॅमही नव्हता. आणि उरलेली राशी आत आहे तोवर नवे दूषित पाणी रोज तयार होतच राहणार आहे.