कुंडलिकेच्या मुखावरची ‘नो लिंग’

कोलाडकरांना कुंडलिका म्हटलं की राफ्टिंग आठवतं. सकाळी भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं, नदी फुगते आणि लाइफ जॅकेट घातलेली मुंबई-पुण्याची मंडळी ओरडत-किंचाळत खाली निघतात. हीच नदी रोहा ओलांडल्यावर संथ होते, खाडी होते आणि रेवदंड्याला समुद्रात शिरते. तिथे डाव्या काठावर कोर्लई आहे.

समुद्रात घुसलेल्या डोंगरावर लांबलचक किल्ला, पायथ्याशी दीपगृह आणि गाव. वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील, खाली पसरलेली सुकट, आणि तिचा तो वास, जो रायगडकराला वास वाटतच नाही. इथवर सगळं कोकणातल्या कुठल्याही बंदरासारखं. ख्रिस्ती वस्तीत शिरलं की मात्र कान टवकारतात. घराघरातून बोललं जातं ते मराठी नाही, कोकणीही नाही. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. पोर्तुगीजातून जन्मलेली ही बोली बोलणारे जेमतेम हजारभर असतील.

पोर्तुगीज रेवदंड्याशेजारच्या चौलला आले 1505 मध्ये. समोरचा कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडे होता. 1594 मध्ये तो पोर्तुगीजांनी लढून घेतला. शिबंदीतले सैनिक आणि त्यांच्या चाकरीतली, नव्याने बाटलेली स्थानिक माणसं यांच्या व्यवहारातून ही बोली घडली. पुढे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्या वर्षी चौलही मराठ्यांकडे आलं. फिरंगी गेले, भाषा राहिली.

ती राहिली कशी? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996 मध्ये या बोलीवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं उत्तर साधं आहे: माणसं एकटी पडली म्हणून. धर्मामुळे हिंदू शेजाऱ्यांशी सोयरीक नाही, जातीमुळे वरच्या ख्रिस्त्यांशी नाही. मग लग्नं गावातल्या गावात आणि भाषाही घरातल्या घरात. जातीचा जाच असाही एखाद्या भाषेला जपतो, हे वाचायला फारसं सुखाचं नाही.

तरी मराठी आत शिरलीच, तीही थेट व्याकरणात. पोर्तुगीजात क्रियापद मधे येतं, ‘पेद्रू खातो मासा’ असं. कोर्लईत ते सरकत सरकत आपल्यासारखं शेवटी आलं. उलट दिशेनेही देवघेव झालीच. चावी, पगार, बादली, बटाटा, पाव हे शब्द आपण रोज वापरतो आणि ते फिरंग्यांचे आहेत हे आठवतसुद्धा नाही.

फिरंग्यांच्या भाषेतून जन्मलेल्या अशा बोलीचं दुसरं रूप फिलिपिन्समध्ये सापडतं. मनिलाच्या उपसागराकाठच्या तेर्नाते गावात आणि दक्षिणेला झांबोआंगात चाबाकानो बोलतात. तिचे शब्द स्पॅनिश, वळण तिथल्या भाषांचं. सुकी मासळी तळून भाताबरोबर खायची सवयही कोळीवाड्याच्या ओळखीची. फरक संख्येचा. झांबोआंगा मोठं शहर आहे, तिथे चाबाकानो बोलणारे लाखांत मोजावे लागतात.

कोर्लईचं एकटेपण मात्र टिकलं नाही. इथली खाडी पूर्वी तरीने ओलांडावी लागे. 1980च्या दशकात पूल झाला आणि अलिबाग जवळ आलं. शाळा मराठी, बाजार मराठी. चर्चमधली उपासनासुद्धा, पोर्तुगीज पाद्री गेल्यावर, मराठीत आली. ‘नो लिंग’ उरली ती चुलीपाशी आणि अंगणात. आता मुलं शिक्षणा-नोकरीसाठी पूल ओलांडून जातात आणि सून बाहेरगावची आली, तर त्या अंगणातही मराठीच सुरू होते.