शापाय, दो-रे-मी आणि मुंबईतली एक दुपार

शापायनी तिकिटाचे पैसे हातात ठेवले आणि एकच काम सांगितलं, "व्हायोलिनं किती आहेत ती मोजून ये."

शापाय म्हणजे माझे आजोबा. गावच्या चर्चमध्ये ते मेस्त होते, म्हणजे गायकवृंद बसवणारे आणि पोरांना सोल्फेज शिकवणारे. (मराठीत मेस्त्री म्हटलं की लोकांना गवंडी आठवतो, म्हणून खुलासा.) आता त्यांना कमी ऐकू येतं. मोठ्याने बोललेलं कळतं, पण बारीक सूर सुटतात. म्हणून 2023 च्या मे महिन्यात मुंबईला 'द साउंड ऑफ म्युझिक' रंगमंचावर येतंय हे कळल्यावर ते म्हणाले, तू जा.

मडगावहून कोकणकन्या, सकाळी दादर, वांद्र्याला मावशीकडे अंघोळ आणि चहा-पाव, मग रिक्षाने बीकेसी. नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमधलं ग्रँड थिएटर 2000 आसनांचं. माझं तिकीट अर्थात सगळ्यात वरचं.

मला वाटलं होतं, सुरुवात दणक्यात होणार. ब्रॉडवेच्या संगीतिका बहुधा 'ओव्हर्चर'ने उघडतात. पडदा बंद असतानाच वाद्यवृंद पुढच्या गाण्यांचे तुकडे वाजवतो आणि प्रेक्षक खुर्चीत स्थिरावतात. या नाटकाच्या संहितेत तसं नाही. इथे मठातल्या नन्स आधी गातात, लॅटिनमध्ये, तेही वाद्यांच्या साथीशिवाय. संगीतकार रिचर्ड रॉजर्स हे ज्यू. कॅथलिक प्रार्थनासंगीताचा आपल्याला सराव नाही म्हणून ते न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅटनव्हिल कॉलेजात गेले आणि तिथल्या सिस्टर्सकडून समजून घेऊन त्यांनी ही सुरुवात रचली. आमच्या शेजारच्या जत्रेतली नाटकं बघत मी मराठी शिकले, त्यामुळे मला पटकन नांदीच आठवली. इथेही आधी प्रार्थना, मग गोष्ट.

पण पुढे संगीत नाटकाशी नातं तुटतं. आपल्याकडे पद रंगलं की कथा थांबते. नट आलाप घेतो, तान घेतो, 'वन्स मोअर' आला की पुन्हा गातो, आणि तबला-ऑर्गन त्याच्या मागे जातात. ब्रॉडवेच्या नाटकात गाण्याची लांबी आधीच बांधलेली असते. सगळा वाद्यवृंद संचालकाच्या छडीवर चालतो, एकट्या गायकाला मनासारखं थांबता येत नाही. त्याऐवजी तिथे 'रिप्राइज'ची युक्ती आहे, म्हणजे तेच गाणं नंतर वेगळ्या तोंडी, वेगळ्या प्रसंगात यायचं. नावाचंच गाणं घ्या. आधी मारिया डोंगरावर एकटी गाते. नंतर तेच गाणं मुलं गातात आणि त्यांचे कडक वडील कॅप्टन फॉन ट्रॅप ते ऐकून विरघळतात. चाल तीच, पण ती आता दुसरंच काही सांगते. आमच्या तियात्रातली कांतारं तिसऱ्याच तऱ्हेची. त्यातली बरीचशी कथेच्या बाहेर उभी राहून गावातल्या पुढाऱ्यांना चिमटे काढतात. मला खरं तर तीनही हवीत, पण वर्गात असं बोललं की तियात्राला कुणी मोजत नाही, याचा राग येतो.

चित्रपट (1965) पाठ असणाऱ्यांनी नाटकाला जाताना मन मोकळं ठेवावं. नाटक आधीचं, 16 नोव्हेंबर 1959 चं. आवडत्या गोष्टींची यादी सांगणारं गाणं चित्रपटात वादळाच्या रात्री मुलांसाठी येतं, मूळ नाटकात ते मारिया आणि मदर ॲबेस मठात गातात. मोठ्या हुद्द्यावरच्या ननला आपलं लहानपणीचं गाणं आठवतं, हे मला जास्त आवडलं. 'एडलवाइस' अनेकांना ऑस्ट्रियाचं लोकगीत वाटतं. ते ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी लिहिलेलं शेवटचं गीत आहे. नाटक उघडल्यावर नऊ महिन्यांत ते गेले. मूळ नाटकात हे गाणं एकदाच, अगदी शेवटी महोत्सवात येतं. त्या वेळी आपणच त्या महोत्सवाचे प्रेक्षक असतो आणि 1938 मध्ये ऑस्ट्रिया नाझींनी गिळलेला असतो. माझ्या शेजारच्या बाई आधी गुणगुणत होत्या, त्या तिथे गप्प झाल्या.

गोष्ट खऱ्या घराण्याची असली तरी बरीच बदललेली. खरे ट्रॅप डोंगर चढून पळाले नाहीत, आगगाडीने इटलीला गेले. मारियाचं लग्न 1927 मध्येच झालं होतं. आणि त्यांच्या गायनाला वळण लावणारे होते फादर फ्रान्झ वास्नर. नाटकाने या धर्मगुरूंना काढून त्यांच्या जागी मॅक्स नावाचा विनोदी ठेकेदार घातला. नाटकाला मॅक्स सोयीचा पडतो, ते मान्य. पण एका मेस्तच्या नातीला ते जरा लागलंच.

आता दो-रे-मी. ही स्वरनामं अकराव्या शतकातल्या ग्विदो या इटालियन बेनेडिक्टाइन साधूची (मारियाचा साल्झबुर्गमधला नोनबर्ग मठही बेनेडिक्टाइनच). संत योहान बाप्तिस्ताच्या एका लॅटिन स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होत होती. ग्विदोने त्या ओळींची पहिली अक्षरं घेतली : उत, रे, मी, फा, सोल, ला. सातवा 'सी' नंतर आला आणि 'उत' गायला अवघड म्हणून त्याचा 'दो' झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'सी'चा 'टी' केला, कारण 'सोल' आणि 'सी' दोन्ही 'स'नेच सुरू होतात. मारिया मुलांना हाच 'टी' शिकवते. लहानपणी मी घरी 'टी' म्हटलं तेव्हा शापायनी टेबलावर पट्टी आपटली होती, ती याच कारणाने! आमच्याकडे पोर्तुगीज वळण, त्यात 'सी'च. शिवाय त्यांचा दो पेटीच्या एकाच पट्टीवर पक्का बसलेला, आणि त्या इंग्रजी पद्धतीतला दो आपल्या 'सा'सारखा, कुठेही बसवा. म्हणजे मारियाचा धडा आमच्या सोल्फेजपेक्षा सारेगमच्या जवळचा. हे मला खुर्चीत बसल्या बसल्या सुचलं आणि मध्यंतरात सांगायला कुणीच नव्हतं.

व्हायोलिनं मोजता आली नाहीत. वाद्यवृंद बसतो तो रंगमंचापुढचा खड्डा माझ्या जागेवरून दिसतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर हे सांगायचं जिवावर आलं. शापाय ऐकून नुसते "बरं" म्हणाले. मग मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, सुरुवातीला व्हायोलिन नव्हतंच, नन्स 'दिक्सित दोमिनुस' गातात.

ते सरळ बसले. आमच्या फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी वेस्परला 110 वं स्तोत्र त्यांनी किती वर्षं गाऊन घेतलं असेल! "कुठल्या स्वरावर धरलं?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. मग त्यांनी स्वतःच धरलं, वेस्परच्या चालीत, जरा घसरलेलं, पण ओळ न चुकता. दुसऱ्या ओळीला थांबले आणि बोट माझ्याकडे केलं. खालचा आवाज मी धरायचा होता.