विकत घेतला माल, पण मालकी कोणाची?

मोटारींच्या शर्यतीचा ‘द क्रू’ नावाचा संगणकीय खेळ फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला. कोणी दुकानातून तबकडी घेतली, तर कोणी पैसे भरून इंटरनेटवरून उतरवून घेतला. मात्र खेळ चालायचा तर कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेले राहणे भाग होते. एकट्याने खेळणाराही त्यातून सुटत नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने या खेळाची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले. सर्व्हरची व्यवस्था व परवान्यांच्या अडचणी असे कारण देण्यात आले. ज्यांनी रोख पैसे मोजले होते त्यांच्या हाती तबकडी उरली, पावतीही उरली, पण खेळ काही चालेना. पुढे अनेकांच्या खात्यातूनही तो काढून घेण्यात आला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन ग्राहकांनी कंपनीवर दावा लावला. कंपनीचे म्हणणे असे की, ग्राहकांनी खेळ विकत घेतलाच नव्हता, त्यांना तो वापरण्याचा मर्यादित परवाना तेवढा मिळाला होता. ‘विकत घ्या’ असे लिहून पैसे घ्यायचे आणि नंतर ‘हा तर परवाना होता’ असे सांगायचे, यावर जगभरच्या ग्राहकांत मोठा वाद पेटला.

खेळ मुलांचा, प्रश्न व्यापाऱ्यांचा

आपले व्यापारी व कारागीर बंधू म्हणतील, मुलांच्या खेळाशी आम्हाला काय कर्तव्य? परंतु दुकानाचा हिशेब ज्या प्रणालीवर चालतो, जॅकार्डचे किंवा भरतकामाच्या यंत्राचे डिझाइन ज्यावर बनते, छापखान्यात जी अक्षरे वापरली जातात, ती सारी याच प्रकारच्या सौद्याने आपल्याकडे येतात. खेळ बंद पडला तर मुलगा हिरमुसतो. हिशेबाची प्रणाली बंद पडली तर धंदा अडतो. म्हणून विक्री कशाला म्हणावे आणि परवाना कशाला, हे समजून घेणे गरजेचे आहे.

एकोणनव्वद सेंटचे पुस्तक

हा झगडा नवा नाही. अमेरिकेत एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीत सूचना छापली होती की, हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकण्याचा परवाना कोणालाही नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९०८ साली निकाल लागला तो दुकानदाराच्या बाजूने. प्रत एकदा विकली की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपतो. पुढे ती कोणाला आणि कोणत्या भावाने विकायची हे घेणारा ठरवील, असा त्याचा आशय होता. मजकुराची नक्कल काढण्याचा हक्क तेवढा प्रकाशकाकडेच राहतो. जुन्या पुस्तकांचा आणि जुन्या कॅसेटींचा सारा बाजार अशाच तत्त्वावर उभा राहिला.

संगणकाने हे तत्त्व अडचणीत आणले. पुस्तक दुसऱ्याला दिले की आपल्या हातून जाते. संगणकावरची वस्तू दुसऱ्याला पाठवायची म्हणजे तिची नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढण्याचा हक्क तर मूळ मालकाचा. याच कारणावरून अमेरिकेत वापरलेली गाणी विकणाऱ्या रीडिजी या कंपनीविरुद्ध २०१८ मध्ये निकाल गेला. युरोपच्या न्यायालयाने मात्र २०१२ मध्ये युजडसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात वेगळी वाट धरली. एकरकमी किंमत घेऊन कायमचा वापर दिला असेल तर ती विक्रीच होय; घेणारा ती प्रणाली पुढे विकू शकतो, फक्त त्याने आपल्याकडची प्रत निकामी केली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. खेळांच्या बाबतीत फ्रान्समधील ग्राहक संघटनेने स्टीम हे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीविरुद्ध २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात असाच निकाल मिळवला होता. पण २०२२ मध्ये तो अपिलात उलटला. म्हणजे खुद्द न्यायालयांचेही यावर एकमत नाही.

विकलेला माल विक्रेता घरात शिरून परत नेऊ शकतो का? २००९ साली तसेच घडले. अॅमेझॉनने आपल्या किंडल यंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’ ही पुस्तके ग्राहकांना न विचारता पुसून टाकली. ज्याने ती विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, असा खुलासा झाला. पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. तथापि, असे करता येते हे लोकांना त्या दिवशी कळले.

कंपन्यांची बाजू

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. सर्व्हर चालू ठेवण्याचा खर्च दरमहा येतो, आणि खेळणारे उरले नाहीत तरी तो टळत नाही. खेळात मोटारींच्या कंपन्यांची नावे व संगीत वापरलेले असते. त्यांचे करार मुदतीचे असतात. सर्व्हर ग्राहकांच्या हाती दिल्यास खेळणाऱ्यांची माहिती सुरक्षित राहणार नाही आणि तिथे चालणाऱ्या गैरप्रकारांना आवर घालता येणार नाही, असे युरोपातील खेळ-कंपन्यांच्या संघटनेने जुलै २०२५ मध्ये मांडले. शिवाय प्रती फुकट फिरू लागल्या तर ज्याने वर्षानुवर्षे मेहनत केली त्या कारागिराचे काय? आपले डिझाइन शेजारच्याने उचलले की आपल्यालाही राग येतोच. मेहनतीचे मोल बुडवणे कोणालाही मान्य होणार नाही.

पण ग्राहकांची मागणी सर्व्हर कायम चालवा अशी नाहीच. ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम रॉस स्कॉट यांनी एप्रिल २०२४ मध्ये सुरू केली. तिचे म्हणणे एवढेच की, कंपनीने हात काढून घेताना विकलेला खेळ चालेल अशा स्थितीत सोडावा. युरोपीय संघाकडे दाद मागण्यासाठी दहा लाख सह्या लागतात. तो टप्पा जुलै २०२५ मध्ये ओलांडला गेला. हे अशक्यही नाही, कारण गदारोळानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये युबिसॉफ्टनेच याच मालिकेतील पुढच्या दोन खेळांना सर्व्हरविना चालण्याची सोय देण्याचे जाहीर केले.

कॅलिफोर्निया राज्याने तर सरळ शब्दालाच हात घातला. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, परवाना देत असताना ‘विकत घ्या’ असे लिहायचे असेल तर हा परवाना आहे हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगावे लागते. कायमची उतरवून घेता येणारी वस्तू त्यातून वगळली आहे. स्टीमने ऑक्टोबर २०२४ पासूनच पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना लावली. कायदा परवाना देऊ नका असे म्हणत नाही. सौदा जो आहे तोच सांगा, एवढेच म्हणतो.

आपल्याकडील कायदा

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात तबकडीवर तयार मिळणारी संगणक प्रणाली हा ‘माल’ आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो असे ठरवले. कर भरताना माल, आणि वापरताना परवाना, असा हा मामला आहे!

कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम ५२ खरेदीदाराला एक मोलाचा हक्क देते. प्रणाली रीतसर मिळवलेली असेल तर ती हरवल्यास वा बिघडल्यास उपयोगी पडावी म्हणून राखीव प्रत काढून ठेवणे हा गुन्हा नाही. उलट चोरीची प्रणाली आहे हे ठाऊक असून वापरली तर कलम ६३-ब नुसार सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. दुकानात फुकटची प्रणाली चढवून देणाऱ्यापासून सावध राहावे, ते यासाठीच.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये एकतर्फी, अन्यायी कराराविरुद्ध दाद मागण्याची तरतूद आहे. मात्र व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा कारागीर मात्र ग्राहकच समजला जातो. ही सवलत आपल्या अनेक बांधवांना ठाऊक नसते.

सौद्यापूर्वी विचारा

प्रणाली घेताना विक्रेत्याला पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर लेखी घ्यावे. ही एकरकमी खरेदी आहे की वार्षिक भाडे? इंटरनेट नसताना चालेल काय? कंपनीने सेवा बंद केली तर काय होईल? संगणक बदलला किंवा दुकान मुलाच्या नावे केले तर परवाना बदलून मिळेल काय? आपला हिशेब व आपली डिझाइने दुसऱ्या प्रणालीत वाचता येतील अशा स्वरूपात बाहेर काढता येतील काय? बिल आणि परवान्याचा क्रमांक जपून ठेवावा. हिशेबाची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या ठिकाणी साठवावी.

भाड्याने घेणे वाईट नाही. दुकानाचा गाळाही आपण भाड्याने घेतोच. पण गाळा भाड्याचा आहे हे पहिल्या दिवशी माहीत असते, म्हणून माणूस त्यात पक्के बांधकाम करत नाही. संगणकाच्या सौद्यातही तेवढेच आधी कळले पाहिजे. न कळल्यास विचारण्यात संकोच बाळगू नये.